दुसऱ्या माणसाचे रीडिंग

४ जून

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ठीक आहे म्हणता आणि मला पुढचं वाक्य सुचायच्या आत ठेवून देता, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र निदान उघडावं तरी लागतं. काकूला जाऊन परवा चार महिने झाले.

आधी कामाचं. मी ज्या संशोधन संस्थेत लागले आहे, तिथे आमचा अभ्यास एकटेपणावर चालू आहे. अठरा वर्षांच्या पोरांपासून पंच्याऐंशीच्या आजोबांपर्यंत माणसं घ्यायची, त्यांना किती एकटं वाटतं ते विचारायचं, आणि सोबत त्यांचं ब्लडप्रेशर, झोप, चालण्याचा वेग मोजायचा. एकटेपणा अंगात नेमका कुठून शिरतो ते कोणालाच धड सांगता येत नाही. पण शिरतो, एवढं दिसतं. परवा एक एकोणीस वर्षांची हॉस्टेलमधली मुलगी आणि एक बहात्तर वर्षांचे गृहस्थ लागोपाठ आले. दोघांची तक्रार शब्दाला शब्द सारखी होती, की पोट भरतं पण जेवल्यासारखं वाटत नाही. मी आमच्या प्रमुख मॅडमना म्हटलं, किती गंमत आहे. मॅडम म्हणाल्या, गंमत नव्हे, नोंद म्हण.

अडचण आमच्या फॉर्मची आहे. वीस प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी. सप्टेंबरात तो दोन हजार लोकांकडे जाणार आहे. त्याआधी कोणीतरी तो नीट तपासायला हवा. तुम्ही पाणीपुरवठ्याच्या चाचणी-खोलीत तेहतीस वर्षं पाण्याचा दाब मोजणारी गेज तपासलीत. खोटं बोलणारा काटा तुम्ही लांबून ओळखता, असं बाबा अजून सांगतात. तर हा फॉर्म स्वतः भरून बघा आणि कुठे वाकडा आहे ते कळवा.

आता खरं सांगते, कारण तुमच्यापुढे डाव टिकत नाहीत. बाबांनी आमच्याकडची पुढची खोली तुमच्यासाठी रिकामी करायला घेतली आहे. अठ्ठावीस ऑगस्टला ते तुम्हाला न्यायला येणार आहेत, आणि ते चार दिवसांसाठी नाही, कायमचं. घरात सगळे मला म्हणतात, तू यातली जाणकार, तूच सांग त्यांना एकटं ठेवावं की नाही. मला सांगता येत नाही. तुम्हाला तिथून हलायचं नाही हे मात्र माहीत आहे. मागच्या खेपेला बाबांनी विषय काढला तेव्हा तुम्ही उत्तर न देता स्टूल घेऊन पंखा पुसायला चढला होतात.

म्हणजे फॉर्म हा सगळाच बहाणा नाही. अर्धा आहे.

आई विचारते, वेळेवर जेवता ना. तुमच्या लोभात मागच्यासारखंच मला एका कोपऱ्यात बसू द्यावं, ही विनंती.

तुमची,
भुंगा


११ जून

चि. भुंगा हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र व फॉर्म मिळाला. फॉर्म तपासला.

कागद चांगला आहे, छपाई ठसठशीत आहे. 'क्वचित' आणि 'कधीकधी' या दोन खुणांमध्ये अंतर किती, ते कुठे लिहिलेले नाही. गेजवर दोन आणि तीनच्या मध्ये किती दाब, हे ठरलेले असते. दुसरे म्हणजे, कोणतेही नवे उपकरण आम्ही आधी अशा दाबाला जोडत असू की ज्याची खात्री आहे. मग ते खरे बोलते का ते कळते. तुमचा फॉर्म तुम्ही कोणत्या खात्रीच्या एकटेपणाला जोडून पाहिला, ते मॅडमना विचारून कळव.

माझी उत्तरे सोबत जोडली आहेत. मला विशेष काही वाटत नाही, हे त्यावरून दिसेल.

घरी सर्व ठीक. सकाळी खाली उतरून पेपर आणतो. दुपारी माझ्याकडची जुनी गेज उघडून साफ करतो. चहाचे भांडे दोघांच्या मापाचे आहे, त्यात एकाचा चहा फार लवकर आटतो. एक लहान भांडे घ्यायचे आहे, पण दुकानात गेल्यावर ते राहून जाते.

दादाला सांग, खोली रिकामी करण्याची घाई करू नये. वहिनींना नमस्कार. तुझे काम नीट चालो, आणि आमच्यावरचा जीव आहे तसा राहो.

तुझा,
काका


२० जून

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा प्रश्न मी मॅडमना वाचून दाखवला. खात्रीचा एकटेपणा कुठे मिळतो? त्या म्हणाल्या की हे गृहस्थ निवृत्त झाले हे त्यांच्या खात्याचं नुकसान आहे.

पण काका, तुमचा फॉर्म मी त्यांना दाखवला नाही. तुम्ही वीसच्या वीस प्रश्नांना 'कधीच नाही' अशी खूण केली आहे. पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ. आता ऐका. तुमच्यासारख्या लोकांसाठीच आम्ही वीसातले सहा प्रश्न उलटे घातले आहेत. तिसरा प्रश्न आहे, तुम्हाला एकटं वाटतं का. तुम्ही म्हणता कधीच नाही. उत्तम. आठवा आहे, मनातलं बोलायला तुमच्याजवळ कोणी असतं का. तुम्ही म्हणता कधीच नाही. चौदावा आहे, तुम्हाला नीट ओळखणारं कोणी आहे असं वाटतं का. तिथेही कधीच नाही. म्हणजे तुम्हाला बोलायला कोणी नाही, ओळखणारं कोणी नाही, आणि एकटंही वाटत नाही. असा माणूस आम्ही आतापर्यंत तपासलेल्या तीनशेजणांत एकही सापडला नाही. दगड सापडतील कदाचित.

रागावू नका. तुम्ही न वाचता खुणा केल्यात, एवढंच म्हणायचं आहे. हॉस्टेलची पोरं करतात तसं.

एक गोष्ट मात्र सांगते, कारण मला तीच यातली सगळ्यात चक्रावणारी वाटते. माणसं किती भेटतात यावर फारसं काही ठरत नाही. एखाद्याला दिवसात दोन माणसं भेटली तरी त्याचं छान चालतं, एखादा वीस माणसांत सुकत जातो. हवी तेवढी आणि हवी तशी माणसं, आणि प्रत्यक्षात असलेली माणसं, यांच्यात फट किती, ते महत्त्वाचं. ती फट आम्हाला मोजायची आहे. बाहेरून ती दिसत नाही.

कोरे फॉर्म पाच पाठवते आहे. या वेळी चष्मा लावा. लोभ पातळ करू नये.

तुमची,
भुंगा


५ जुलै

चि. भुंगा हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे म्हणणे बरोबर आहे. मी पहिले तीन प्रश्न वाचले आणि पुढे वाचले नाहीत. नोकरीच्या तेहतीस वर्षांत न पाहिलेल्या काट्याचे रीडिंग मी एकदाही लिहिले नव्हते. याची मला लाज वाटली. तू मॅडमना दाखवले नाहीस, हे बरे केलेस.

पुन्हा भरायला बसलो. जमले नाही. प्रश्न वाचला की उत्तर काय द्यावे हे आधी कळते आणि काय खरे आहे ते मागाहून. हा उपकरणाचा दोष नव्हे, वाचणाऱ्याचा आहे. चाचणी-खोलीत यावर नियम होता. कोणतेही रीडिंग दोन माणसांनी घ्यायचे, आणि दुसऱ्याने पहिल्याचा आकडा पाहायचा नाही. म्हणून मी ठरवले की माझ्याविषयीचा फॉर्म दुसऱ्या माणसाकडून भरून घ्यावा.

माणूस कोण, हा प्रश्न पडला. बराच विचार केल्यावर आमच्या जिन्याखालचा शिंपी आठवला. बावीस वर्षे तो माझे कपडे शिवतो. एक पँट घट्ट करून घ्यायची होतीच, ती घेऊन गेलो. त्याने माप घेतले. कंबर छत्तीस होती, तेहतीस भरली. त्याने वहीत जुना आकडा खोडला नाही, खाली नवा लिहिला. मग मी फॉर्म पुढे केला आणि माझ्याविषयी त्याला काय वाटते ते भरायला सांगितले. मास्तर म्हणाले, साहेब, मला तुमच्याबद्दल काय माहीत? कंबर माहीत आहे. मी म्हटले, तेवढ्यावरून भरा.

नियमाप्रमाणे मी पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. एक बाई ब्लाउज घ्यायला आल्या, त्यांनी मला काय झाले म्हणून विचारले. मास्तरांनी त्यांना सांगितले की परीक्षा चालू आहे.

अर्धा तास लागला. त्यांचे रीडिंग माझ्याशी कुठेच जुळत नाही. बहुतेक ठिकाणी त्यांनी 'नेहमी' अशी खूण केली आहे. मात्र चौदाव्या प्रश्नाला, म्हणजे यांना नीट ओळखणारे कोणी आहे का, त्यांनी चारपैकी एकही चौकट घेतली नाही. बाजूला पेन्सिलीने लिहिले आहे, 'होत्या'.

मी त्यांना विचारले की तुम्हाला हे सर्व दिसत होते, तर पाच महिन्यांत कधी दोन शब्द का बोलला नाहीत. मी रोज पेपर आणायला तुमच्या दुकानावरून जातो. यावर ते गडबडले. मग त्यांनी सांगितले की वहिनींनीच सांगून ठेवले होते. तुझी काकू. त्यांना बोलणे सोसत नाही, भेटले तर मान हलवा, पण थांबवू नका, असे तिने त्यांना बावीस वर्षांपूर्वी सांगितले होते. औषधांच्या दुकानातल्या बाईंना, तळमजल्यावरच्या आजींना, लायब्ररीत, सगळीकडे सांगितले होते. ती गेल्यावर लोकांना वाटले की आता तर तिचा शब्द मोडणे बरे नाही. म्हणून मला पाहिले की सगळे मान हलवतात.

मला वाटत होते, लोकांना आता आमच्याशी काही कर्तव्य नाही.

मास्तरांनी आणखी एक सांगितले. तुझी काकू दुपारी त्यांच्या दुकानात स्टुलावर तासभर बसत असे आणि इतकी हसत असे की त्यांची टाके घालताना सुई बोटात जायची. मी हे हसणे कधी ऐकलेले नाही. मी घरी आलो की घर शांत असे. ती स्वभावाने शांत आहे, असेच मी धरून चाललो.

फॉर्म जोडला आहे. मॅडमना दाखवायला हरकत नाही. मनात माया असू दे.

तुझा,
काका


१४ जुलै

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग आईला विचारलं. आई म्हणाली, हो, मलाही जाऊबाईंनी त्यांच्या लग्नानंतर वर्षाच्या आतच बाजूला घेऊन सांगितलं होतं. आणि काका, मला स्वतःलाही सांगितलं होतं. मी सहा वर्षांची होते, तुमच्या टेबलाशी उभी राहून विचारत होते की पाणी वर कसं चढतं. काकूने मला आत नेऊन बिस्किट दिलं आणि म्हणाली, काकांना प्रश्न विचारायचे नसतात गं, त्यांना त्रास होतो. मी बिस्किट खाल्लं आणि परत येऊन विचारलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, हा भुंगा कुठून लागला माझ्या डोक्याला. पण उत्तर दिलंत. दीड तास दिलंत, नळाची तोटी उघडून दाखवलीत. तेव्हा तुम्हाला त्रास झाला असेल, असं मला मुळीच आठवत नाही.

म्हणून विचारते. ते खरं होतं का? तुम्हाला खरंच माणसं नको होती? आणि खरं असेल, तर कधीपर्यंत होतं? हे मी संस्थेसाठी विचारत नाही. मला झोप लागत नाही म्हणून विचारते आहे.

मॅडमना दुसऱ्या माणसाच्या रीडिंगची कल्पना फारच आवडली आहे. त्यांनी मला चाळीस जोड्या गाठायला लावल्या आहेत, एकाने स्वतःविषयी भरायचं, दुसऱ्याने त्याच्याविषयी. नवरा-बायको, खोलीतल्या मैत्रिणी, आजी-नात. पाठ फिरवून उभं राहण्याची अट मात्र आम्ही काढून टाकली.

इकडे बाबा ऐकत नाहीत. मी मास्तरांचं सांगितलं, तर म्हणाले, शिंप्याशी बोलून दिवस किती काढणार, स्वतःच्या भावाचं घर असताना. खोलीला रंगही दिला, स्वतः. मला कोणाच्या बाजूने बोलावं कळत नाही. सरासरी विचारा, लगेच सांगते. सरासरीतून एक काका बाहेर काढता येत नाहीत.

उत्तर द्या. दुरून का होईना, डोक्यावर हात असू द्या.

तुमची,
भुंगा


३ ऑगस्ट

चि. भुंगा हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला उशीर झाला. आठवून खात्री करायची होती.

ते खरे होते. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी पंपघरात होतो. आठ तास चार पंपांच्या मध्ये उभे राहायचे. घरी आलो तरी कानात पंप चालू असत. त्यावर माणसांचे बोलणे आले की डोके फुटेल असे वाटे. एकदा घरी पाहुणे होते. ते गेल्यावर मी तिला म्हणालो की मला संध्याकाळी माणसांचे आवाज सहन होत नाहीत. बस, एवढेच. एकदाच म्हणालो.

पाच महिन्यांनी माझी बदली चाचणी-खोलीत झाली. तिथे दिवसभर टाचणी पडली तर ऐकू येई. मग संध्याकाळी घरात कोणी बोलले असते तर मला आवडले असते. पण तोवर घर शांत झाले होते. मला वाटले, हिला शांतता आवडते. तिला वाटले, मला आवडते. प्रत्येक गेजवर आम्ही तपासणीची तारीख लिहीत असू आणि वर्षाने ते पुन्हा काढून पाहत असू. हे रीडिंग छत्तीस वर्षे कोणी पुन्हा घेतले नाही. तिने नाही आणि मीही नाही. दोष द्यायचा तर अर्धा माझ्याकडे येतो. तिने मात्र ते फार मनापासून सांभाळले.

आता हा हुकूम मागे घेणे आले. मी मास्तरांना सांगितले की माझ्याशी बोलायला हरकत नाही. त्यांनी ते दोन दिवसांत सर्वांना कळवले. परिणाम असा झाला की तळमजल्यावरच्या आजींनी मला जिन्यात गाठून चाळीस मिनिटे आपला गुडघा सांगितला, नंतर दुसरा सांगितला. औषधांच्या दुकानातल्या बाई मुलाच्या परीक्षेविषयी बोलतात. लायब्ररीतल्या एका गृहस्थांना माझ्याशी जगातल्या सर्व गोष्टींवर चर्चा हवी आहे. यावरून मला एक कळले, ते तुझ्या कामाचे आहे. मला इतकी माणसे नको आहेत. मला तीनेक पुरतील, त्यांतले एक न बोलणारे चालेल. हे मला साठी उलटल्यावर कळते आहे, याचे नवल वाटते.

आता महत्त्वाचे. दोन रीडिंग इतकी वेगळी आली की नियमाप्रमाणे तिसरे घ्यावे लागते. एक कोरा फॉर्म मी दादाला पोस्टाने पाठवला होता, माझ्याविषयी भर म्हणून. तुला सांगू नये असेही लिहिले होते. तो भरून आला आहे. दादाने आयुष्यभर नकाशे काढले, त्याला समास कोरा राहिलेला चालत नाही. त्याने प्रत्येक प्रश्नापुढे बारीक अक्षरात कारण लिहिले आहे. त्यातली तीन जशीच्या तशी उतरवतो.

पाचव्या प्रश्नापुढे: 'साडेदहाला सगळे बाहेर पडले की याच्यापुढे दिवस उभा राहतो.'

नवव्या प्रश्नापुढे: 'माणसे आहेत. पण ती दमून येतात, त्यांना काय सांगणार.'

सोळाव्या प्रश्नापुढे: 'सात वाजता कुलपात किल्ली फिरली की हा पेपर तोंडापुढे धरतो. वाट पाहत होता असे दिसू नये म्हणून.'

माझ्या घरातून साडेदहाला कोणी बाहेर पडत नाही. माझ्याकडे दमून कोणी येत नाही. माझ्या दाराची किल्ली एकच आहे आणि ती माझ्या खिशात असते.

गेज ज्या लाइनला जोडलेले असते, तिचाच दाब दाखवते. दादाला फॉर्म माझ्याविषयी भरायचा होता आणि त्याने प्रामाणिकपणे भरला. पण हे रीडिंग माझ्या लाइनवरचे नाही.

हे त्याला बोलून दाखवू नकोस. फक्त एकदा लवकर घरी जा. तुझ्यावर माझा विश्वास आहे, तसाच तुझा माझ्यावर असावा.

तुझा,
काका


१२ ऑगस्ट

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

सोमवारी मी डोकं दुखतं म्हणून तीन वाजता घरी आले. किल्ली हळू फिरवली. बाबा तुमच्या खोलीत होते. नव्या रंगाच्या वासात, खुर्चीत बसून, मांडीवर फळी घेऊन त्याच खोलीचा नकाशा काढत होते. तो सातवा होता. आधीचे सहा भिंतीला टाचले होते. एकात तुमचा पलंग खिडकीशी आहे, एकात दारापाशी. सगळ्यांत तुमच्या खुर्चीसमोर दुसरी एक खुर्ची आहे, आणि दोन्हींच्या मध्ये अंतर लिहिलं आहे, साडेतीन फूट. मी विचारलं, साडेतीनच का. ते म्हणाले, त्याहून जवळ बसलं की तुझा काका अवघडतो आणि त्याहून लांब बसलं की मला ऐकू येत नाही.

बाबांना कमी ऐकू येतं, हे मला माहीत नव्हतं.

मग ते तीन तास बोलत होते. कोणत्या नकाशात सकाळचं ऊन कुठे येतं, तुम्ही लहानपणी भिंतीकडे तोंड करून झोपायचात, तुमचं दप्तर तेच आवरायचे. मी फक्त हं हं करत होते. बाबा इतकं बोलतात, हेही मला माहीत नव्हतं. साडेसहाला ते एकदम गप्प झाले, बाहेर जाऊन बसले आणि पेपर उघडला. सात वाजता आई आली, मागोमाग भाऊ आणि वहिनी आले. सगळ्यांनी विचारलं, चहा घेतलात ना. मी रोज हेच विचारते.

काका, मी दोन वर्षं एकटेपणावर काम करते आहे. आमच्या पद्धतीने बाबांची नोंद केली असती तर मी काय लिहिलं असतं ते सांगते. घरात पाच माणसं, विवाहित, मुलं जवळ, धोका नाही. त्यांचा फॉर्म भरून घ्यावा असंसुद्धा मला सुचलं नसतं.

आणि आता सगळं अवघड झालं आहे. तुम्ही येत नाही म्हणालात तर ती खोली आणि ते सात नकाशे घेऊन बाबा काय करतील, याचा विचार करवत नाही. तुम्ही आलात तर नुकतीच तुमच्याशी बोलायला लागलेली माणसं तुटतील, आणि तुम्ही भावासाठी आलात हे तुम्ही कधी बोलून दाखवणार नाही. तुम्हाला ये म्हणायची हिंमत नाही, नको म्हणायचीही नाही. अठ्ठावीस तारखेला सोळा दिवस उरले आहेत. बाबांनी येताना दोघांची तिकिटं काढून ठेवली आहेत.

मला काही सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा, नाही सुचलं तरी कळवा. माया असावी.

तुमची,
भुंगा


२४ ऑगस्ट

चि. भुंगा हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या पत्रानंतर मी दादाला लिहिले. त्याचे उत्तर काल आले. दोन्ही तुला सांगतो.

आधी मी निमित्त शोधत होतो. जिन्याचा कठडा हलतो आहे, त्याचा नकाशा काढून दे, असे लिहिले. ते फाडले. डोळे तपासायचे आहेत, सोबतीला ये, असे लिहिले. तेही फाडले. दादाला खोटे कारण लगेच कळते. शाळेत असताना पोट दुखते म्हणालो की तो दप्तर माझ्या पाठीवर अडकवून मोकळा होत असे. आणि त्याला तूच एकटा आहेस असे लिहिले असते, तर तो पुन्हा कधी बोलला नसता. मीही बोललो नसतो.

मग लक्षात आले की त्याला बोलावायचे खरे कारण माझ्यापाशी आहे, फक्त ते मी कोणाला सांगितलेले नाही. तुझ्या फॉर्मवरही नाही. ते वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. वाक्य लहान आहे. 'दादा, ती गेल्यापासून मला या घरात एकट्याला करमत नाही. मी तिकडे आलो तर ही जागा सुटेल आणि इथल्या माणसांकडून होणारी तिची राहिलेली ओळखही सुटेल, म्हणून मला येववत नाही. तू इथे ये आणि हवे तितके दिवस राहा.'

पत्र पेटीत टाकल्यावर परत काढता येईल का, असे वाटले. पोस्टमनसाठी थांबलोही होतो. तो आला नाही, हे बरे झाले.

दादाचे कार्ड असे आहे. 'अठ्ठावीसला येतो. परतीची दोन्ही तिकिटे रद्द केली. हे तू आधीच का लिहिले नाहीस? मी उगाच रंग दिला.' खाली बारीक अक्षरात, 'खोलीची लांबी-रुंदी कळव.'

लांबी-रुंदी मोजून कळवली आहे. तू वहिनींना नीट समजावून सांग. त्यांना वाटायला नको की तो रागावून निघाला. त्याच्या कानाचे मी इथे पाहीन. त्या पुढच्या खोलीचे म्हणशील तर ती रिकामीच राहू दे. मोडीत काढायची गरज नाही. कधी दोघे मिळून तिकडेही येऊ, आणि तोवर तूच तिथे बसून अभ्यास कर. दार मात्र उघडे ठेव.

एक फॉर्म सोबत आहे. तो मी स्वतः भरला आहे, वीसही प्रश्न वाचून. आठवा आणि चौदावा दोनदा वाचला. मॅडमना हवा तर दाखव. आधीचा फाडून टाकावा, तो चुकीचा होता.

मास्तरांनी आज विचारले की मोठे भाऊ कसे आहेत, बोलके आहेत की तुमच्यासारखे. मला सांगता आले नाही. लहानपणानंतर आम्ही दोघे एका घरात चार दिवसांवर कधी राहिलो नाही. आमच्या गाठीभेटी व्हायच्या, त्यात बोलायच्या त्या वहिनी आणि तुझी काकू. दादा रोज किती बोलतो, कशाने हसतो, सकाळी आधी चहा घेतो की आधी पेपर, यातले मला एकही ठाऊक नाही. मी मास्तरांना म्हटले, मलाही पाहायचे आहे.

तुझ्या जिवाला जप, आणि आम्हा दोघांनाही अधूनमधून प्रश्न विचारत जा.

तुझा,
काका